मुलगी शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत घातली, तर आपल्या शाळेचे पैसे जातात का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ‘स्कूल्स ऑफ चॉइस’मधून, म्हणजे आपल्या हद्दीबाहेरची सरकारी शाळा निवडण्याच्या सवलतीतून, मुलीला शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये (स्वतःचं बोर्ड आणि बजेट असलेल्या शाळांच्या विभागात) घालायचंय, पण ओळखीचे लोक म्हणतात त्याने आपल्या शाळेचं नुकसान होतं. हे खरं का?

खरं आहे. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. मुलं सरकारी शाळेतच शिकली आणि स्कूल बोर्डाच्या बजेटच्या सभांना मी नेमाने जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९४ पर्यंत इथल्या शाळा मुख्यतः स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर चालायच्या. त्या वर्षी मतदारांनी ‘प्रपोझल ए’ मंजूर केलं, सेल्स टॅक्स ४ टक्क्यांवरून ६ टक्के झाला आणि राज्य दर मुलामागे ठरावीक रक्कम देऊ लागलं. २०२५-२६ साठी ती १०,०५० डॉलर आहे. १९९६ पासून ‘स्कूल्स ऑफ चॉइस’खाली मुलांना डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडायची मुभा मिळाली. तेव्हापासून मूल जिकडे जाईल तिकडे पैसा जातो.

पट मोजला जातो ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी. त्याला ‘काउंट डे’ म्हणतात. फेब्रुवारीत पुन्हा मोजणी होते, पण ९० टक्के भार ऑक्टोबरच्या आकड्यावर. त्या दिवशी सकाळपासून ऑफिसमधून गैरहजर मुलांच्या घरी फोन जातात, कुठे पिझ्झा देतात, कुठे बक्षिसं. बाहेरच्याला गंमत वाटते, पण शिक्षकांचे पगार त्या हजेरीवर ठरतात.

आता खरी अडचण. समजा, एका डिस्ट्रिक्टमधून तीस मुलं गेली. म्हणजे तीन लाख डॉलर गेले. पण ती एकाच वर्गातली नसतात. दुसरीतली दोन, पाचवीतली तीन, आठवीतलं एक, अशी पांगलेली असतात. एकही तुकडी बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी करता येत नाही. एस.टी.तून पाच उतारू उतरले म्हणून डिझेल कमी लागत नाही, तसंच हे. बस त्याच रस्त्याने जाते, हीटिंगचं बिल तेवढंच येतं, पेन्शनचा बोजा तसाच राहतो. मग कात्री लागते ती संगीत, लायब्ररी, समुपदेशक यांना. ते गेले की आणखी चार पालक विचार करायला लागतात.

घेणाऱ्या डिस्ट्रिक्टला मात्र उलट फायदा. वर्गात पाच बाकं रिकामी असतील तर ती भरायला जादा खर्च जवळपास नाही, आणि पैसे पूर्ण मिळतात. म्हणूनच इथे सरकारी शाळांच्या जाहिराती हायवेच्या होर्डिंगवर दिसतात.

अल्बियन या गावाचं उदाहरण तुम्ही जरूर वाचा. फाउंड्र्या बंद पडल्या, लोक गेले, त्यात स्कूल्स ऑफ चॉइसमुळे ज्यांच्याकडे गाडी आणि वेळ होता त्यांची मुलं आसपासच्या डिस्ट्रिक्टमध्ये गेली. २०१३ मध्ये हायस्कूल बंद झालं. २०१६ मध्ये अख्खं डिस्ट्रिक्ट शेजारच्या मार्शलमध्ये विलीन झालं. सगळा दोष या धोरणाचा नाही, पण आधीच खचलेल्या गावाला त्याने सावरायला उसंत दिली नाही. गाडीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ने-आण पालकांनीच करायची असते.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल.

मला या धोरणातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट वाटते ती ही, की बाहेरची मुलं घ्यायची की नाही हे डिस्ट्रिक्ट स्वतः ठरवतं. सधन उपनगरं दार बंद ठेवू शकतात. ज्यांचं मूल जातंय त्या डिस्ट्रिक्टला मात्र अडवता येत नाही. पट घसरला तर दोन-तीन वर्षं तरी राज्याने तूट अंशतः भरून द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मुलीला घालू नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. तिची गरज तुम्हाला ठाऊक. फक्त अर्जाची मुदत पाळा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते, आणि भावंड आधीच तिथे असेल तर प्राधान्य मिळतं. तिला स्पेशल एज्युकेशनची गरज असेल आणि शाळा दुसऱ्या इंटरमीडिएट डिस्ट्रिक्टमध्ये (अनेक स्कूल डिस्ट्रिक्टांच्या वरच्या विभागात) असेल, तर खर्च कोण उचलणार याचा लेखी करार दोन्ही डिस्ट्रिक्टमध्ये व्हावा लागतो. तो झालाय का, हे आधीच विचारा.

आणि एक. इमारती, छपरं, बॉयलर यांचा पैसा अजूनही स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून, बाँडवर, म्हणजे शाळेसाठी काढायच्या कर्जावर, मतदान होऊन येतो. मुलगी शिकेल त्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डासाठी तुम्हाला मत देता येणार नाही, राहता तिथेच देता येईल. नागरिकत्व मिळालं असेल, तर तुमच्या गावातल्या शाळेचा बाँड मतदानाला येईल तेव्हा मुलगी तिथे नसली तरी जाऊन ‘हो’ म्हणून या.