जर्मनीत नोंद बदलली, पासपोर्टचं काय?

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री आहे, मूळची पुण्याची. म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपीय निवास परवाना) नोकरी करते. भारतीय पासपोर्टवर जुनं नाव आणि ‘एम’ आहे. इथल्या नव्या कायद्यानं नाव आणि लिंगाची नोंद बदलून घेतली, तर पासपोर्टही बदलेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : नाही, पासपोर्ट आपोआप बदलत नाही. स्वतःच्या घोषणेवरून नाव आणि लिंगाची नोंद बदलू देणाऱ्या, १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या कायद्याचा फायदा ब्लू कार्डधारकांनाही मिळतो, पण आपण जर्मन कायदा निवडतोय हे सांगावं लागतं. ज्या श्टांडेसआम्टमध्ये (जन्म-विवाह नोंदणी कार्यालय) घोषणा करायची, तिथेच आधी तोंडी किंवा लेखी पूर्वनोंदणी करा. त्यानंतर तीन महिने थांबायचं आणि नोंदणीपासून सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष जाऊन घोषणा करायची. सहा महिने उलटले की नोंदणी बाद. घोषणेनंतर वर्षभर पुन्हा बदल करता येत नाही. डॉक्टरांचं पत्र किंवा कोर्टाचा निकाल लागत नाही.

अडतं ते जन्मदाखल्यापाशी. भारताच्या अपोस्टिलवर (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) जर्मनीचा आक्षेप आहे, त्यामुळे नुसता अपोस्टिलचा शिक्का चालेल असं धरू नका. दाखल्याची पडताळणी कशी हवी, भाषांतर कुणाचं चालतं, हे पूर्वनोंदणीच्या दिवशीच विचारून घ्या. पडताळणी रेंगाळली तर सहा महिने पुरत नाहीत.

आता पासपोर्ट. तो रि-इश्यू होतो, म्हणजे नंबरही नवा मिळतो. भारताच्या २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळालं, तर त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद असते आणि पासपोर्टवर ‘टी’. ‘एफ’ हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतरचं सुधारित प्रमाणपत्र लागतं. म्हणून आधी पासपोर्टवर काय येऊ शकतं ते ठरवा, मग जर्मनीत काय लिहायचं ते. तिथे पुरुष, स्त्री, ‘डिव्हर्स’ (दोन्हींपेक्षा वेगळं) किंवा रिकामी नोंद असे पर्याय आहेत. जर्मन नोंदीत ‘स्त्री’ आणि पासपोर्टवर ‘एम’ अशी जोडी चालवता येते, पण व्हिसा आणि विमानतळावर पासपोर्टच बघतात. आमच्या मते प्रमाणपत्राचं काम सुट्टीत पुण्यात मार्गी लावून मगच घोषणा करावी.

नवा पासपोर्ट आल्यावर परदेशी नागरिक कार्यालय, कंपनीचं एचआर आणि बँक यांना कळवा. जुना, रद्द झालेला पासपोर्ट टाकू नका.

मधल्या काळात ‘डीजीटीआय’ या ट्रान्स आणि इंटरसेक्स व्यक्तींसाठीच्या जर्मन संस्थेचं पूरक ओळखपत्र उपयोगी पडतं. त्यावर तुमचं नाव आणि आत्ताचा फोटो असतो. मात्र ते अधिकृत ओळखपत्रासोबतच दाखवायचं, एकटं नाही.

प्रश्न : विमानाच्या तिकिटावर काय लिहावं?

उत्तर : पासपोर्टवर आहे तेच. आंतरराष्ट्रीय मानकात एम, एफ आणि ‘अनिर्दिष्ट’ म्हणजे ‘एक्स’ एवढ्याच नोंदी आहेत, ‘टी’ नाही. तेव्हा ‘टी’ असेल तर ‘एक्स’ निवडा. तोही पर्याय नसेल तर एअरलाइनला आधी फोन करा. बऱ्याचदा घोळ होतो तो अ‍ॅपमध्ये साठवलेल्या जुन्या प्रोफाइलमुळे. दिसणं आणि पासपोर्ट जुळत नसेल तर आखाती विमानतळांवरून ट्रान्झिट टाळा; मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक थेट गाठता येतं. चार पैसे जास्त पडले तरी चालतील.