मोहेंजोदडोची विषमता मोजण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

घरांच्या आकारावरून मोहेंजोदडोतली आर्थिक विषमता मोजायचं तू ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. गिनी गुणांक (विषमतेचं माप: ० म्हणजे पूर्ण समानता, १ च्या जवळ म्हणजे टोकाची विषमता) संगणक क्षणात काढून देतो. वेळ घालव तो एक घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे ठरवण्यात.

तिथे उत्खनन करणाऱ्या मार्शल यांच्या १९३१ च्या आणि मॅके यांच्या १९३८ च्या अहवालातले नकाशे घे. आधी गल्लीकडचं दार शोध. तिथून चौकात, चौकातून खोल्यांत जा. आतून जिथवर जाता येतं तिथवर एक घर धर. न्हाणी, विहीर, जिना यांचे रकाने वेगळे ठेव. जिना दिसला म्हणून क्षेत्रफळ दुप्पट करू नकोस. वरचा मजला किती भागावर होता हे नकाशा सांगत नाही.

खरी अडचण काळाची आहे. त्या उत्खननात वस्तूंची नोंद थरांनुसार न होता ठरावीक पातळीपासूनच्या खोलीनुसार झाली. उत्तरकाळात मोठ्या घरांत आडभिंती घालून लहान बिऱ्हाडं झालेली दिसतात. आधीचा वाडा आणि नंतरची बिऱ्हाडं एकाच यादीत आली, तर कधीच एकत्र न नांदलेल्या लोकांमधली विषमता तू मोजशील. म्हणून प्रत्येक घरापुढे काळ लिही; काळ ठरत नसेल तर ते घर बाजूला काढ.

माप भिंतीच्या आतून घ्यायचं की बाहेरून, हे पहिल्याच दिवशी ठरव. भिंत ६० सेंमी जाड धरली, तर बाहेरून ६ × ६ मीटरचं घर ३६ चौ. मी. भरतं, आतून जेमतेम २३. तेच २० × २० मीटरचं घर ४०० वरून ३५३ वर येतं. लहान घराचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग भिंतीच खातात, मोठ्याचा आठवा भागही नाही. दोन पद्धती मिसळल्यास आकडा निरर्थक ठरतो.

आता हे हाताने करून बघ. ५०, ८०, १००, १२०, १५० चौ. मी. अशा पाच घरांचा गिनी ०.१९ येतो. यात ५०० ची एकच इमारत घाल, तो ०.४१ होतो! ‘एचआर’ नावाच्या उत्खनन-विभागातलं घर क्रमांक १ पुरातत्त्वज्ञ व्हीलर यांना मंदिर वाटलं होतं. अशा वास्तू धरून एक आणि वगळून एक, असे दोन्ही आकडे छाप. घरं थोडी असतील तर गिनीला n/(n−१) ने गुण (n म्हणजे घरांची संख्या) आणि पुनर्नमुना पद्धतीने, म्हणजे त्याच यादीतून पुन्हा पुन्हा घरं निवडून, तो कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो हे काढ.

मोठ्या घरात माणसंही जास्त असू शकतात, म्हणून क्षेत्रफळाला थेट संपत्ती म्हणू नकोस. खासगी विहीर आणि न्हाणी कोणत्या आकाराच्या घरांत आहेत हे ताडून पाहा. मला तो तक्ता गिनीइतकाच मोलाचा वाटतो. आणि खोदलेला भाग शहराचा लहानसा तुकडा आहे, हे निष्कर्षाच्या पहिल्याच वाक्यात येऊ दे.

पहिल्या वीस घरांच्या सीमा नकाशावर रंगवून पाठव. गणित त्यानंतर.