शिक्षणासाठी जर्मनीत पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात कोणती कामे आधी उरकावीत?

आपण ऑक्टोबरच्या सत्रासाठी निघाला आहात आणि उतरल्यावर कोणते काम आधी हाती घ्यावे, असे विचारले आहे. माझ्या मते पत्त्याची नोंदणी, जिला तिकडे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत ती करावी लागते आणि तिच्यासाठी पासपोर्टाबरोबर, आपण तेथे राहायला आल्याचा घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो; नुसता भाडेकरार पुरत नाही. म्हणून खोली ठरवतानाच हा दाखला मिळेल की नाही, हे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण तात्पुरती जागा देणारे पुष्कळ जण ऐन वेळी हात वर करतात. मोठ्या शहरांत या नोंदणीसाठी सरकारी कार्यालयातली भेटीची वेळ लवकर मिळत नाही. ती निघण्यापूर्वीच ऑनलाइन घेता आली तर उत्तम.

टपालपेटीवर आपले आडनाव पहिल्याच दिवशी लावावे. गोष्ट क्षुल्लक वाटते खरी, परंतु कर-क्रमांक, बँकेचा पिन, विम्याचे कार्ड असे सारे टपालाने येते आणि पेटीवर नाव नसल्यास पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा किराणा शनिवारीच भरावा. अगदीच अडले तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने उघडी सापडतात. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या मात्र फेकू नयेत, कारण बहुतेक बाटल्यांवर 25 सेंट अनामत घेतलेली असते आणि सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली टाकून मिळालेली पावती गल्ल्यावर दिली की ती परत मिळते.