डीलरने रिपेअर केली आणि गाडी जास्तच बिघडली, आता खर्च कोणाचा?

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे एक जर्मन टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे, सेकंड हँड घेतलेली, इंजिन सीटच्या मागे, कंपनीची वॉरंटी कधीच संपलीये. कूलंट गळत होतं म्हणून ऑथोराइज्ड डीलरकडे दिली, बाहेर कुठे द्यायची हिंमत झाली नाही. त्यांनी वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलला, १ लाख ४० हजार बिल झालं, मी भरलं. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली गुलाबी डाग. परत नेली, त्यांनी क्लॅम्प टाइट केला, कूलंट टॉपअप केलं आणि दिली, जॉब कार्ड काही बनवलं नाही. नंतर साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना टेंपरेचरची वॉर्निंग आली, मी लगेच साइडला घेऊन बंद केली आणि टो करून त्यांच्याकडेच पाठवली. आता म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन खाली घ्यावं लागेल, साडेसहा लाखाचं एस्टिमेट, "गुडविल म्हणून लेबरवर २० टक्के सोडतो". वर म्हणे तुम्ही घाटात ओढली असेल. अंडरट्रेचे, म्हणजे गाडीच्या तळाच्या कव्हरचे स्क्रूसुद्धा अर्धेच लावलेत. गाडी त्यांच्याकडेच आहे, एस्टिमेटवर सही मागतायत. करू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका करू. निदान आत्ता तरी नाही. त्या एस्टिमेटवर सही म्हणजे इंजिन उघडायची परवानगी, आणि इंजिन एकदा उघडलं की आधीच्या कामात काय चुकलं होतं ते दाखवणारा पुरावा त्याच वर्कशॉपच्या टेबलावर सुटा होऊन पडणार, तोही त्यांच्याच माणसांच्या हातून. २० टक्के गुडविल घेताना "फुल अँड फायनल, यापुढे तक्रार नाही" अशी ओळ कागदात बारीक अक्षरात असू शकते, ती शोधा.

आजच एक मेल टाका. सर्व्हिस मॅनेजर, डीलर प्रिन्सिपल आणि कंपनीच्या भारतातल्या ऑफिसचं कस्टमर केअर, तिघांना एकाच मेलमध्ये. लिहायचं एवढंच की माझ्या लेखी परवानगीशिवाय इंजिन उघडू नये, गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसू नयेत, काढलेले जुने पार्ट फेकू नयेत, आणि तपासणी माझ्या किंवा माझ्या माणसाच्या समोर व्हावी. त्याच मेलमध्ये सगळी हकीकत तारखेनुसार लिहून काढा, विशेषतः ती दुसरी खेप जिचं जॉब कार्डच नाही, कारण कागदावर ती कधी घडलीच नाही आणि तुमची केस नेमकी तिच्यावरच उभी आहे. सर्व्हिस ॲडव्हायजरचे व्हॉट्सॲप मेसेज, कॉल लॉग, पार्किंगमधल्या डागाचा फोटो, टोइंगची पावती, सगळं जपून ठेवा, फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप घ्या. फोनवर काही ठरलं तर लगेच "आत्ता आपलं असं बोलणं झालं" म्हणून मेल करा.

आता तुमच्या गाडीत काय झालं असावं ते जरा नीट समजून घेऊ, कारण हे समजलं की समोरचा तुम्हाला गप्प बसवू शकणार नाही. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे बंपरच्या आत, त्यामुळे कूलंटचे पाइप गाडीच्या तळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. सिस्टिम रिकामी करून पंप बदलला की त्या पाइपात हवा अडकते आणि ती वरून कूलंट ओतून, इंजिन थोडं फिरवून सहज निघत नाही. म्हणून अशा गाड्यांना व्हॅक्यूमने भरतात, म्हणजे आधी सिस्टिममधली हवा ओढून घ्यायची, व्हॅक्यूम काही मिनिटं टिकतो का बघायचं (टिकला नाही तर कुठेतरी लीक आहे हे तिथेच कळतं) आणि मग त्याच ओढीने कूलंट आत घ्यायचं. तुमच्याकडे दुसऱ्या खेपेला टॉपअप केलं, म्हणजे व्हॅक्यूम फिल आणि प्रेशर टेस्ट झाली का हा पहिला प्रश्न. हवेचा फुगा राहिला तर तिथलं ॲल्युमिनियमचं हेड तापत राहतं, आणि सेन्सर कूलंटऐवजी हवेत असेल तर काटा वेळेवर सांगतही नाही, वॉर्निंग येते तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. तुम्ही लगेच गाडी बंद केलीत हे फार चांगलं झालं, मेलमध्ये हे ठळक लिहा, कारण "वॉर्निंग आल्यावरही चालवत राहिले" हा डीलरचा नेहमीचा बचाव असतो.

हेड गॅस्केट खरंच गेलंय का हेही कोणी सिद्ध केलेलं दिसत नाही. त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. ब्लॉक टेस्ट नावाची साधी टेस्ट आहे, कूलंटच्या टाकीवर निळं केमिकल असलेली नळी लावतात, जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते निळं पिवळं होतं. त्याच्या जोडीला लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघतात) आणि कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट. या तिन्ही तुमच्या समोर करून घ्या आणि व्हिडिओ काढा. कदाचित गॅस्केट शाबूत निघेल आणि नुसता क्लॅम्प किंवा ओ-रिंग नीट बसलेली नसेल, तसं असेल तर साडेसहा लाखाचा विषयच संपला.

आणि "घाटात ओढली असेल" याचं उत्तर गाडीतच आहे. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, फॉल्ट कोडबरोबर त्या क्षणाचं टेंपरेचर, आरपीएम, स्पीड अशी नोंद राहते, काही स्पोर्ट्स कारमध्ये तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं तर किती आणि इंजिनच्या कितव्या तासाला तेही साठवलेलं असतं. पूर्ण प्रिंटआउट मागा. ही नोंद दोन्ही बाजूंनी बोलू शकते हे मात्र आधीच लक्षात घ्या. पण मुळात घाट चढणं हा काही गैरवापर नाही हो, पुण्यातून कुठेही निघालं तरी घाट लागतोच आणि ही गाडी तर त्याहून कितीतरी जास्त सोसायला बनवलेली आहे. असं बोलून ग्राहकालाच अपराधी वाटायला लावणं मला अजिबात पटत नाही. स्क्रू न लावलेल्या अंडरट्रेचे फोटो लिफ्टवर गाडी असतानाच काढा, छोटी गोष्ट वाटते पण काम कसं झालं ते त्यातून दिसतं.

डीलरच्या शब्दाविरुद्ध तुमचा शब्द एवढ्यावर हे लढू नका. एखादा स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर किंवा आयआरडीएआयचं (विमा क्षेत्राच्या नियामकाचं) लायसन्स असलेला मोटर सर्व्हेअर फी देऊन आणा, त्याचा लेखी रिपोर्ट घ्या, त्यात "पहिल्या कामातल्या या चुकीमुळे हे नुकसान झालं" असा संबंध स्पष्ट आला पाहिजे. ग्राहक आयोगासमोर बहुतेक वेळा हा दुवाच कच्चा निघतो.

मागणी काय करायची? एकतर दुरुस्ती पूर्ण त्यांच्या खर्चाने, किंवा कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे, मुंबईला वगैरे, आणि बिल यांनी भरायचं. कंपनी सुरुवातीला सांगेल की डीलर हा वेगळा व्यवसाय आहे, आमचा संबंध नाही, तरी तिला लूपमध्ये ठेवा. १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने पत्र पाठवा. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. मला वाटतं रिपोर्ट हातात असेल तर बरंचसं इथेच मिटेल, कारण डीलरलाही इंजिनिअरच्या सहीचा कागद आयोगासमोर यायला नको असतो.

नाही मिटलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार. खूप जण घाबरतात की गाडी ७०-८० लाखाची म्हणजे राज्य आयोगाकडे मुंबईला जावं लागेल. तसं नाही. कुठल्या आयोगाकडे जायचं ते तुम्ही त्या सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं, तुमची रक्कम १ लाख ४० हजार, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, तेव्हा पुणे जिल्हा आयोगच. ५ लाखापर्यंत फी शून्य. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, पण तेवढं थांबू नका. कायदा ३ महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा म्हणतो, तपासणी लागली तर ५, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. गाडीला हात लावू नये असा अंतरिम आदेशही मागता येतो. फॉर्म कसा भरायचा यात अडलात तर ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मदत करतात, बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ही चळवळ सुरू केली ती आपल्या पुण्यातच.

गाडी परत नेतो म्हटल्यावर पार्किंग चार्ज वगैरे लावून अडवलं तर? करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे कारागिराला केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवता येते, पण इथे नवं काम झालेलंच नाही आणि जुनं बिल तुम्ही भरलंय. तरीही गाडी सोडवणं महत्त्वाचं असेल तर पैसे भरा आणि पावतीवर, मेलवर "आक्षेप नोंदवून भरले" असं लिहा, म्हणजे हक्क सोडला असं होत नाही.

प्रश्न : माझीही अशीच गत, सस्पेन्शनचं काम केल्यापासून गाडी डावीकडे ओढते आणि दोन्ही पुढचे टायर आतून खाल्लेत. पण गाडी माझ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे. डीलर म्हणतो तुम्ही ग्राहकच नाही. खरं का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : नाही, इतकं सरळ नाही ते. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा कायद्यातून वगळली आहे हे खरं, पण कंपनीच्या नावावर असणं आणि व्यावसायिक वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायरेक्टरच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या कारच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली, आणि वापर व्यावसायिक आहे हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर टाकली. तुमची गाडी भाड्याने दिलेली नाही, तुम्हीच वापरता, हे दाखवणारे कागद जमवा आणि तक्रार कंपनीच्या नावानेच, बोर्डाचा ठराव जोडून करा.

त्याआधी चाकांच्या अलाइनमेंटचा प्रिंटआउट मागा, कामाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही. सस्पेन्शनचे आर्म काढल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, नंतरचा प्रिंटआउट ते देऊ शकले नाहीत तर ती झालीच नसावी असं म्हणायला तुम्हाला चांगली जागा मिळते. मग बाहेर एखाद्या चांगल्या टायरवाल्याकडे आत्ताची रीडिंग घ्या, कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) मर्यादेच्या किती बाहेर आहेत ते आकड्यात येईल. जुने टायर विकू नका किंवा बदलून देऊन टाकू नका, आतली झीज दिसेल असे फोटो काढून ते टायर घरी आणून ठेवा.