भूत कशाला, घरातलं माणूस पुरे

प्रश्न : ताई, पडकं घर, करकरणारं दार असल्या भुताच्या गोष्टी वाचून मला हसू येतं. पण नवरा नायिकेला ‘हे तू कालच बोललीस’ म्हणतो आणि तिला काहीच आठवत नाही, अशी कथा वाचली की झोप उडते. हे काय गौडबंगाल?

उत्तर : अहो, घाबरायचं तिथेच घाबरताय! एर्न्स्ट येंच या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं १९०६मध्ये या अस्वस्थतेचं मूळ अनिश्चिततेत शोधलं होतं : समोरची वस्तू सजीव की निर्जीव, हेच कळेनासं होणं. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडला ते अपुरं वाटलं. ओळखीचंच, पण दडपलेलं काहीतरी पुन्हा वर येतं तेव्हा काटा येतो, असं त्यानं १९१९मध्ये मांडलं. पडकं घर पुस्तकाबरोबर मिटतं. नवरा, फोन, स्वतःची स्मरणशक्ती मात्र उशाशीच असतात.

म्हणूनच शेवटी भूत दाखवून टाकणारे लेखक मला आवडत नाहीत. दिसलं की त्याची उंची मोजता येते. (‘सगळं स्वप्न होतं’वाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.) पुढची अशी कथा दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी निवेदक काय सांगायचं टाळतोय, तेवढंच बघा.