मातीतला जिवाणू अँटिबायोटिक बनवायचं कधी ठरवतो? वाचकांचे प्रश्न

मातीतल्या जिवाणूंपासून मिळणाऱ्या अँटिबायोटिकांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत पुन्हा पुन्हा स्ट्रेप्टोमायसीस हा मातीतला जिवाणू येईल, त्याला इलाज नाही. निसर्गातून मिळालेल्या अँटिबायोटिकांपैकी फार मोठा वाटा या एकाच कुळाचा आहे आणि अभ्यासही त्याचाच सर्वाधिक झाला आहे.

मातीत शत्रू कायमच असतात. मग स्ट्रेप्टोमायसीस अँटिबायोटिक सतत का बनवत नाही?

परवडत नाही म्हणून. एक अँटिबायोटिक तयार करायला अनेकदा वीसहून अधिक जनुकं राबवावी लागतात. त्यासाठी लागणारी शर्करा, अमिनो आम्लं आणि ऊर्जा वाढीच्या काळात पेशीला स्वतःलाच हवी असते. जो जिवाणू पहिल्या तासापासून अँटिबायोटिक बनवत बसेल, तो वाढीतच मागे पडेल.

वेळ कुठली निवडली जाते हे पाहिलं की हिशेब कळतो. स्ट्रेप्टोमायसीस बुरशीसारखा तंतूंनी पसरतो. त्याला पोहता येत नाही, पळताही येत नाही. जवळचं अन्न संपलं की जुने तंतू स्वतःला विरघळवतात आणि त्यातून सुटलेल्या अन्नावर हवेत उभे राहणारे नवे तंतू पोसले जातात. त्यांच्यावर बीजाणू धरतात. म्हणजे ऐन अडचणीच्या वेळी या जिवाणूभोवती आयतं अन्न सांडलेलं असतं आणि त्यावर शेजारपाजारचे सगळे टपलेले असतात. अँटिबायोटिकचं उत्पादन साधारण याच सुमारास चढतं. हे अन्न राखण्यासाठीच ते बनतं, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे आणि मलाही तो पटतो.

भुकेची वर्दी पेशीच्या आत कशी पोहोचते? अमिनो आम्लं कमी पडली की रायबोसोमवर, म्हणजे पेशीच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, रिकामे टीआरएनए (अमिनो आम्लं आणून देणारे रेणू) येऊन बसतात. ते पाहून रेलए नावाचं विकर पीपीजीपीपी हा छोटा रेणू बनवतं. हा रेणू वाढला की नवीन रायबोसोम बनवण्याचं काम आवरतं घेतलं जातं आणि अँटिबायोटिकच्या जनुकांना चालना मिळते. नायट्रोजनच्या टंचाईत वाढवलेल्या जिवाणूतून रेलए काढून टाकलं, तर भूक असूनही अँटिबायोटिक बनत नाही.

प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर ही जात वाढवतो. एका माध्यमावर वसाहत गर्द निळी होते, दुसऱ्यावर पांढरट राहते. वाण तर तोच आहे. (एक शिक्षक)

तुमच्या थाळीत नियमनच डोळ्यांना दिसतं आहे! स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर दोन रंगीत अँटिबायोटिकं बनवतो. लाल अनडेसिलप्रोडिजिओसिन पेशींनाच धरून राहतं, तर निळं अ‍ॅक्टिनोऱ्होडिन अगारमध्ये, म्हणजे थाळीतल्या जेलीत, झिरपतं. हे निळं द्रव्य सामूदर्शकही आहे. आम्लात ते लाल आणि अल्कात निळं दिसतं. त्यामुळे वसाहत लालसर वाटली तर लगेच निष्कर्ष काढू नका. थाळी उलटी धरून झाकणात अमोनियाचे थोडे थेंब ठेवा. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन असेल तर वाफेने निळं पडेल.

आता माध्यमाकडे वळू. दोन गोष्टी तपासा: ग्लुकोज आणि फॉस्फेट. दोन्ही मुबलक असतील तर उत्पादन दबतं. फॉस्फेट घटलं की फोआर-फोपी ही प्रथिनांची जोडी जागी होते आणि त्यानंतरच बऱ्याच जातींत अँटिबायोटिकचा मार्ग मोकळा होतो. म्हणून कारखान्यातल्या किण्वनात फॉस्फेट हात राखून घालतात.

तिसरी गोष्ट जास्त मजेची आहे. एन-असिटिलग्लुकोसामाइन ही शर्करा सकस माध्यमात घातली तर अँटिबायोटिक आणि बीजाणू दोन्ही थांबतात. निकृष्ट माध्यमात तीच घातली तर दोन्ही सुरू होतात! ही शर्करा कीटकांच्या कवचातल्या कायटिनमधून मिळते, तशी जिवाणूच्या स्वतःच्या पेशीभित्तिकेतूनही सुटते. म्हणजे ती भरल्या ताटाची खूण असू शकते, किंवा आपलेच तंतू विरघळू लागल्याची. आजूबाजूला आणखी काय आहे यावर तिचा अर्थ ठरतो. या शर्करेपासून पेशीत बनणारा ग्लुकोसामाइन-6-फॉस्फेट डासआर नावाच्या दमनकारी (जनुकं दाबून ठेवणाऱ्या) प्रथिनाला चिकटतो. मग ते डीएनएवरून सुटतं आणि अ‍ॅक्टिनोऱ्होडिनचा चालक असलेलं ॲक्ट-टू-ओआरएफ-फोर हे जनुक मोकळं होतं. हे काम 2008मध्ये प्रसिद्ध झालं.

मातीत अँटिबायोटिक असतं, मग जखमेला स्वच्छ माती लावली तर?

लावू नका. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. शिवाय मातीत अँटिबायोटिक बनतं ते सूक्ष्म प्रमाणात, एखाद्या कणापुरतं आणि ठरावीक वेळीच. उपचारासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

सगळ्या तंतूंना एकाच वेळी कसं कळतं? आणि स्वतःच्याच विषाने हा जिवाणू मरत कसा नाही?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच साखळीत आहे आणि जीवशास्त्रातली ही माझी आवडती साखळी आहे.

स्ट्रेप्टोमायसिन 1943मध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना सापडलं. ते बनवतो स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस. 1967मध्ये सोव्हिएत संघातल्या खोखलोव्ह यांच्या गटाने ए-फॅक्टर नावाचा रेणू शोधला. अँटिबायोटिक बनवणं सोडून दिलेल्या एका उत्परिवर्तित वाणाला तो लेशमात्र दिला की उत्पादन पुन्हा सुरू होत असे, बीजाणूही धरत. रचनेने हा गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन या प्रकारचा छोटा रेणू आहे आणि नॅनोमोलर, म्हणजे अत्यल्प, प्रमाणातच काम करतो. संप्रेरकाशी त्याची तुलना होते ती यामुळेच.

एरवी एआरपीए हे प्रथिन एडीपीए नावाच्या जनुकाला दाबून बसलेलं असतं. जिवाणू वाढत जातो तसा ए-फॅक्टर साचतो. तो पुरेसा झाला की एआरपीएला चिकटतो आणि त्याची पकड सुटते. एडीपीए प्रथिन बनतं आणि ते एसटीआरआर या जनुकाला जागं करतं. एसटीआरआर मग स्ट्रेप्टोमायसिन बनवणारी बाकीची जनुकं चालू करतं. रेणू तंतूंच्या आतबाहेर पाझरत असल्यामुळे आसपासचे तंतू साधारण एकाच वेळी पुढे सरकतात.

आता खरी गंमत. एसटीआरआरला अगदी लागून जे जनुक आहे ते प्रतिकाराचं. ते स्ट्रेप्टोमायसिनवर फॉस्फेट चढवून त्याला निकामी करणारं विकर बनवतं. एडीपीएचा हुकूम आला की ही दोन्ही जनुकं एकत्रच वाचली जातात. म्हणजे औषधाचा पहिला रेणू तयार होण्याआधी त्यावरचा उतारा हजर! रुग्णालयातल्या जंतूंमधला प्रतिकार आपल्याला नवा वाटतो. मातीत तो अँटिबायोटिकाच्या जनुकाशेजारीच राहत आला आहे.

सीलिकलरची तऱ्हा थोडी वेगळी. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन बाहेर फेकणाऱ्या पंपाचं जनुक एका दमनकारी प्रथिनाने बंद ठेवलेलं असतं. अ‍ॅक्टिनोऱ्होडिनचे अर्धवट तयार झालेले रेणूसुद्धा या प्रथिनाला हटवू शकतात. त्यामुळे माल पूर्ण होण्याच्या आतच दार उघडतं.

या सगळ्यावर आणखी एक पहारा आहे. स्ट्रेप्टोमायसीसच्या डीएनएत जी आणि सी हे घटक सुमारे 72 टक्के असतात. त्यामुळे ल्युसीनसाठीचा टीटीए हा संकेत त्यात अतिशय विरळ आहे. सीलिकलरच्या सुमारे 7,800 जनुकांपैकी जेमतेम 145 जनुकांत तो येतो. तो वाचू शकणारा टीआरएनए एकच आणि तो बनवणारं जनुक म्हणजे बीएलडीए. ते मोडलं तरी जिवाणू मजेत वाढतो, पण वसाहत टकली राहते, हवेतले तंतू उगवत नाहीत आणि दोन्ही रंग गायब होतात. कारण ॲक्ट-टू-ओआरएफ-फोर, लाल रंगाच्या साखळीतलं एक नियामक जनुक आणि एडीपीए, तिन्हींत टीटीए आहे. जगायला लागणारी जनुकं टीटीएविना आणि उशिरा लागणारी काही मोक्याची जनुकं टीटीएसह, अशी ही विभागणी योगायोगाची वाटत नाही.

शेजारी कोण आहे याचा फरक पडतो का?

पडतो. सीलिकलरजवळ मिक्सोकॉकस झँथस हा शिकारी जिवाणू वाढवला तर अ‍ॅक्टिनोऱ्होडिन 20 पटींपर्यंत वाढतं. यामागे लोहाची ओढाताण असल्याचं पुढे दिसून आलं. मिक्सोकॉकस आपल्या रेणूंनी लोह पकडून नेतो आणि टंचाईला सीलिकलर अँटिबायोटिकने उत्तर देतो. इथेही मुळाशी भूकच आहे, फक्त या वेळी ती शेजाऱ्याने लादलेली.

अल्प प्रमाणातली अँटिबायोटिकं शस्त्र नसून निरोप असतात, असंही एक मत आहे. कमी मात्रेत ती इतर जिवाणूंची शेकडो जनुकं बदलतात हे खरं. पण ज्याच्यावर परिणाम झाला त्याला आपण उद्देशून बोललो, असं त्यातून सिद्ध होत नाही. माझा कल शस्त्राकडे आहे.

आमचा वाण पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्यावर अँटिबायोटिक देईनासा होतो. शिवाय जिनोममध्ये जनुकसमूह (एखादा पदार्थ बनवणाऱ्या जनुकांचे गट) दिसतात, पण पदार्थ मिळत नाही. (संशोधक विद्यार्थिनी)

पहिल्याचं कारण बहुधा गुणसूत्रात आहे. स्ट्रेप्टोमायसीसचं गुणसूत्र वर्तुळाकार नसून सरळ रेषेत असतं आणि त्याच्या टोकांचे मोठे तुकडे वारंवार गळतात. 2020मध्ये सीलिकलरबद्दल एक वेगळीच गोष्ट पुढे आली. वसाहतीतल्या काही पेशी असे तुकडे गमावून बीजाणू कमी धरतात, पण अँटिबायोटिक जास्त बनवतात. त्यांची स्वतःची पैदास खालावते, फायदा बाकीच्या वसाहतीला होतो. तुम्हाला मात्र उत्पादन टिकवायचं आहे. तेव्हा सुरुवातीच्या बीजाणूंचा साठा ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा आणि दर वेळी त्यातूनच सुरुवात करा. थाळीवरून थाळीवर नेत राहू नका.

दुसरी अडचण एकट्या तुमची नाही. सीलिकलरचा जिनोम 2002मध्ये वाचला गेला तेव्हा त्यात असे 20हून अधिक जनुकसमूह निघाले. अनेक दशकांच्या अभ्यासानंतरही त्यांतले मोजकेच पदार्थ हाती आले होते. त्यांपैकी एका समूहातलं एससीबीआर-टू हे दमनकारी जनुक काढून टाकल्यावर जीवाणूरोधी गुण प्रकट झाला आणि पिवळा रंगही दिसू लागला. पुढे त्या पिवळ्या पदार्थाला सीलिमायसिन नाव मिळालं. तुमच्या समूहाजवळ गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन ओळखणाऱ्या प्रथिनांसारखं जनुक दिसतंय का, ते आधी पाहा. दिसलं तर प्रथम तेच काढून बघा. नसेल तर माध्यमं बदला, फॉस्फेट उतरवा, सोबत दुसरा जिवाणू वाढवा. यातलं काय लागू पडेल ते प्रत्येक समूहागणिक वेगळं असतं.