'बोर्ड गेला' मान्य करण्याआधी

प्रश्न : रात्री लॅपटॉप नीट बंद केला होता. सकाळी बटण दाबलं तर ना दिवा, ना पंखा. स्टेशनजवळच्या दुकानात नुसतं बटण दाबून पाहिलं आणि सांगितलं, 'मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल.' लॅपटॉप चार वर्षांचा आहे. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : अजून दोन्ही नको. खालचं झाकण न उघडता आणि मीटर न लावता बोर्ड (लॅपटॉपचं मुख्य सर्किट) गेल्याचं कुणालाही सांगता येत नाही.

बोर्डावर एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते. पॉवरचं बटण, चार्जिंग आणि कीबोर्ड तिच्या ताब्यात असतात, आणि लॅपटॉप बंद असतानाही तिला बॅटरीतून थोडी वीज मिळत राहते. ही चिप अडकली की बटण कितीही दाबा, काही होत नाही आणि यंत्र मेल्यासारखं वाटतं. उपाय असा : चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह, एचडीएमआय सगळं काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण सलग 30 सेकंद दाबून धरा आणि सोडा. मग फक्त चार्जर लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि बटण एकदाच दाबा. अनेक थिंकपॅडच्या तळाशी याच कामासाठी बारीक छिद्र असतं. चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबायची. बॅटरी पार उतरली असेल तर चार्जिंग सुरू व्हायलाच वेळ लागतो, म्हणून निकाल देण्याआधी तासभर चार्जरवर राहू द्या.

तरीही काही नाही? मग चार्जर तपासा. सॉकेटमध्ये आधी फोनचा चार्जर लावून वीज येते का पाहा. त्यानंतर भिंतीपासून अडॅप्टरपर्यंतची तीन पिनांची वायर बदलून पाहा. ती अडॅप्टरच्या तोंडाशी आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. मल्टिमीटर असेल तर डीसी 200 व्होल्टच्या रेंजवर ठेवा, कारण साध्या मीटरच्या 20 च्या रेंजमध्ये 20 व्होल्टचा अडॅप्टर मावत नाही. काळी प्रोब पिनच्या बाहेरच्या धातूला, लाल आतल्या धातूला. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध सुईसारखी तार असते. ती फक्त चार्जरची ओळख पटवते, तिथे व्होल्टेज मोजू नका. आकडा लेबलवरच्या 19, 19.5 किंवा 20 च्या जवळ हवा. मात्र आकडा बरोबर आला म्हणजे चार्जर चांगलाच, असं नाही. लोड येताच, म्हणजे लॅपटॉप वीज ओढू लागताच, कोसळणारे अडॅप्टर असतात. म्हणून शेजारी किंवा ऑफिसात त्याच व्होल्टेजचा, तीच पिन असलेला आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा चार्जर मिळाला तर तो लावून पाहा.

आता महत्त्वाची खूण. अडॅप्टरचा दिवा एरवी लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो का? दुसऱ्या चार्जरनेही तेच झालं तर जॅकमध्ये (चार्जरची पिन बसते त्या खाचेत) किंवा बोर्डाच्या मुख्य लाइनवर शॉर्ट सर्किट आहे. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. जॅक अनेक मॉडेलांत वायरसकट वेगळा असतो, तो बदलायला सोल्डरिंगही लागत नाही. बोर्डावरचा शॉर्ट बहुधा एखाद्या सिरॅमिक कपॅसिटरचा किंवा इनपुटच्या मॉस्फेटचा (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या भागाचा) निघतो. तो भाग स्वस्त असतो, पैसे हाताच्या कौशल्याचे. म्हणून चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलणाऱ्याकडे, जा आणि थेट विचारा : चार्जरचं व्होल्टेज बोर्डात कुठपर्यंत येतं? 3.3 आणि 5 व्होल्टच्या लाइन तयार होतात का? शॉर्ट कुठे आहे? ज्याने मोजलंय तो लगेच उत्तर देईल. जो फक्त 'बोर्ड गेला' एवढंच म्हणतो, त्याच्याकडून लॅपटॉप परत घ्या.

प्रश्न : कॅप्स लॉकचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. दुकानदार स्क्रीन बदला म्हणतो. खरंच लागेल का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तुमचा लॅपटॉप सुरू होतोय, दिसत तेवढं नाही. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट बंद आहे. मग एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं की बोर्ड, रॅम (मेमरीची पट्टी), विंडोज सगळं बहुधा ठीक, आणि दोष बहुधा पॅनेलचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलचा. झाकण मागेपुढे करताना चित्र येत-जात असेल तर संशय केबलवर धरा. ती पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त, म्हणून आधी तीच तपासायला सांगा.

टीव्हीही काळाच राहिला तर रॅम पाहा. आपल्याकडच्या खाडीलगतच्या दमट हवेत संपर्क बिघडणं नवीन नाही. खालचं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, मगच रॅमला हात. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. खोडरबर सर्रास वापरतात, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो, म्हणून आम्ही तो सुचवत नाही. रॅमच्याच दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून पाहा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात. त्या वेळात बटण दाबून बंद करू नका.

दिव्याच्या उघडझापीकडेही लक्ष द्या. अनेक डेल मॉडेलांत दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडत नाही. एचपीत विंडोज आणि बी ही दोन बटणं धरून पॉवर दोन-तीन सेकंद दाबलं आणि पॉवर सोडल्यावरही ती दोन्ही धरून ठेवली, तर बिघडलेलं बायॉस (लॅपटॉप सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) पूर्ववत होऊ शकतं.

प्रश्न : लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो. फोनच्या फास्ट चार्जरने सुरू होत नाही, म्हणजे पोर्ट गेला का?
(एक वाचक, वाशी)

उत्तर : तसं नाही. टाइप-सी चार्जर आधी 5 व्होल्ट देतो आणि लॅपटॉपशी बोलणी झाल्यावरच 20 व्होल्टवर जातो. फोनचे बरेच चार्जर तिथवर जातच नाहीत. पॉवर डिलिव्हरी (व्होल्टेजची ही बोलणी करण्याची पद्धत) असलेला 65 वॉटचा चार्जर आणि निदान 5 अँपिअरची केबल लावून पाहा, पातळ केबलवर निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : बोर्ड बदलावा लागला तर माझा डेटा जाईल का? 'फॉरमॅट करावं लागेल' असंही सांगितलंय.
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर : लॅपटॉपला वीजच मिळत नसेल तर त्याचा विंडोजशी काही संबंध नाही. फॉरमॅटला नकार द्या. डेटा एसएसडीत (साठवणुकीच्या ड्राइव्हमध्ये) असतो, आणि ती बहुतेक लॅपटॉपमध्ये एका स्क्रूने बसवलेली वेगळी पट्टी असते. देण्याआधी ती काढून घरी ठेवा. बंद बोर्डाची तपासणी तिच्याशिवायही होते.

एक अडचण मात्र खरी आहे. विंडोज 11 मध्ये ड्राइव्ह अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट झालेला (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असतो आणि त्याची किल्ली त्या बोर्डाशी बांधलेली असते. बोर्ड बदलला, किंवा एसएसडी दुसऱ्या यंत्राला लावली, की 48 अंकी बिटलॉकर (विंडोजचं हे कुलूप) रिकव्हरी की मागितली जाते. ती आजच फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात उघडून कागदावर लिहून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे मागा. काही मॉडेलांत, नव्या मॅकबुकमध्ये तर सर्रास, स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तिथे बोर्ड बदलणं म्हणजे डेटा सोडून देणं, म्हणून आधी बोर्ड दुरुस्त करणाराच शोधा. जुना बोर्ड परत मिळेल, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय लॅपटॉप हातातून सोडू नका.